पाच बाय पावणेसहा

बाबर सरांनी कुलूप काढलं, दार आत ढकललं आणि बाजूला सरून म्हणाले, "या, शेटेबाई. बघून घ्या तुमचं संस्थान."

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. जिन्याजवळच्या व्हरांड्यात आम्ही चौघंच होतो. मुख्याध्यापक बाबर सर, बांधकाम बघणारे अभियंते लवटे, शाळेतल्या सेविका इंदूबाई आणि चाकाच्या खुर्चीत मी. दारावर निळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात माझ्यासारखीच एक खुर्ची रंगवली होती. नव्या सिमेंटचा आणि फिनेलचा वास येत होता. आत छातीपर्यंत आकाशी फरशा, भिंतीला स्टीलच्या चकचकीत दांड्या आणि पार टोकाला पांढराशुभ्र कमोड. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. मी चाकं ढकलून आत गेले.

दाराच्या चौकटीला दोन्ही हातांची पेरं घासली. तेवढं काही विशेष नाही, अशी सालं माझी नेहमीच निघत. सरळ कमोडपर्यंत गेले. खुर्ची त्याच्या शेजारी घ्यावी म्हणून डावीकडे वळवली तर पायदान भिंतीवर आपटलं. उजवीकडे वळवली तर तिकडच्या भिंतीवर. जरा मागे सरून दार तरी लावून बघावं म्हटलं, तर दार उघडत होतं आत. ते माझ्या मागच्या चाकाला टेकलं आणि तिथंच अडकलं. मी भिंतीकडे तोंड करून बसले होते आणि माझ्या पाठीमागे, उघड्या दारात, तिघं जण उभे होते.

"बाई, वळायला जागाच न्हाई की वो," इंदूबाई म्हणाल्या.

मी एकदा या भिंतीला, एकदा त्या भिंतीला धडकत उलटी बाहेर आले.

मला लहानपणी पोलिओ झाला होता. एक पाय तेव्हाच गेला, पण दुसऱ्याच्या आणि काठीच्या जोरावर मी शिकले, बी.एड. केलं, ज्या शाळेत शिकले तिथंच गणिताची शिक्षिका झाले. पुढे पस्तिशीत ओल्या पायरीवरून पडले आणि चांगल्या पायाचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून ही खुर्ची. माझे हात मात्र दणकट आहेत. खुर्ची कमोडच्या शेजारी लावायची, दांडी धरायची, हातांवर अंग उचलायचं आणि बाजूला सरकायचं. एवढंच मला लागतं. पण त्यासाठी शेजारी जागा हवी आणि खुर्ची वळायला हवी.

शाळेतला बायकांचा संडास दोन पायऱ्या चढून आणि तोही खाली बसायचा. त्यामुळे खुर्ची आल्यापासून शाळेत असेपर्यंत माझी सोयच नव्हती. माझा नवरा जयवंत याचं बाजारपेठेत सायकलचं दुकान आहे. मधल्या सुट्टीत तो दुकान बंद करून रिक्षा घेऊन यायचा, मला घरी न्यायचा, परत आणून सोडायचा. ते निभावं म्हणून मी सकाळी उठल्यापासून पाणी पीत नसे. चहासुद्धा नाही. पहिल्या तासापासून घसा कोरडा पडायचा, आणि गणिताच्या बाईंना तर बोलावं लागतं. दोनदा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होऊन तापानं फणफणले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की असंच चालवलंत तर किडनीवर येईल. तेव्हा मी अर्ज केला. सरकारी योजनेतून पैसे मंजूर झाले. शाळेत अपंगांसाठी शौचालय होणार म्हणून स्टाफरूममध्ये पेढेही वाटले गेले. ते मी वाटले नव्हते, पण खाल्ले.

आणि मला किती जागा लागते ते त्यांना माहीत नव्हतं, असंही नाही. जूनमध्ये हेच लवटे मला विचारायला आले होते. मी त्यांना शाळेच्या पटांगणात नेलं होतं. इंदूबाईंनी खडूनं एक चौकोन आखला, त्यात मी खुर्ची गोल फिरवून दाखवली, मग पुन्हा एकदा कमोडच्या जागी एक बाकडं ठेवून शेजारी लावून दाखवली. लवट्यांनी टेपनं मोजलं. पाच फूट बाय पावणेसहा. त्यांच्या नियमाच्या पुस्तकातही जवळजवळ तेच माप होतं, असं ते स्वतःच म्हणाले होते. प्रयोगशाळेच्या शेजारची कोपऱ्यातली जागा ठरली होती.

आता त्या कोपऱ्याकडे बघितलं तर तिथं नवी खोली उभी होती. सागवानी दार, दाराला पितळी कडी. संस्थेचे सचिव भाऊसाहेब यांना पाहुण्यांसाठी एक खोली हवी होती, सोफा आणि बक्षिसांच्या ढाली ठेवायला. ती तिथं गेली. ती खोली आणि जिना यांच्यामध्ये जी बोळासारखी पट्टी उरली, तिला दोन्हीकडून भिंती घालून हे माझं संस्थान झालं होतं.

"हे साडेतीन फूटच रुंद आहे," मी म्हणाले.

लवट्यांनी कमरेचा टेप चाचपला, पण काढला नाही. त्यांना मोजायची गरज नव्हती. "साडेतीन बाय सव्वाआठ, मॅडम. तुमच्या पाच बाय पावणेसहापेक्षा थोडं जास्तच भरतंय. तुम्ही गणिताच्या. तुम्हीच गुणून बघा."

मी मनात गुणलं. ते खरं होतं. पाच बाय पावणेसहा म्हणजे पावणेएकोणतीस चौरस फूट, आणि हे त्याहून कणभर जास्त. तो गुणाकार बरोबर आला याचा मला जितका राग आला तितका कुठल्याही चुकीचा आला नसता.

"क्षेत्रफळ बरोबर आहे, बाई," बाबर सर म्हणाले.

हे वाक्य लवट्यांनी म्हटलं असतं तर मी समजू शकले असते. बाबर सरांनी म्हणावं हे मला समजत नव्हतं. कारण सरांनीच मला सातवीत भूमिती शिकवली होती. तेव्हा ते तरुण होते, सडसडीत, बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट घालायचे. क्षेत्रफळाचा धडा होता. त्यांनी वर्गात एक लाकडी पाट आणला, त्यावर मला बसवलं आणि वर्गाला विचारलं, की कुमुद जेवढ्या जागेत बसली आहे तेवढीच जागा मी बोटभर रुंदीची लांबच लांब पट्टी करून दिली तर तिच्यावर कोण बसेल? कुणीतरी म्हणालं, मुंगळे. वर्ग हसला, मीही हसले. सर म्हणाले, लक्षात ठेवा, गुणाकार सारखा आला म्हणजे जागा सारखी झाली असं नाही. आधी विचारायचं, त्या जागेत करायचं काय आहे. मी पुढे वीस वर्षं हा धडा याच शब्दांत शिकवत आले होते.

त्या दिवशी मी सरांना ते बोलून दाखवलं नाही. लवट्यांसमोर त्यांना कमीपणा आणायचा नव्हता. लवटे गेल्यावर मी सरांच्या कार्यालयात गेले. इंदूबाईंना त्यांनी चहा आणायला पाठवलं, मी नको म्हटलं तरी. मग ते मला समजावू लागले. भाऊसाहेबांपुढे कुणाचं चालतं? पाहुण्यांची खोली संस्थेच्या पैशातून झाली आहे, त्यात आपण काय बोलणार? सोमवारी उद्घाटन ठरलंय, समाजकल्याण खात्याच्या मॅडम जिल्ह्याहून येणार आहेत, पत्रकार येणार आहेत. लाभार्थी म्हणून माझी सही झाली की दुसरा हप्ता सुटेल. मी विचारलं, की सही नेमकी कशावर करायची? ते म्हणाले, "सुविधा वापरण्यायोग्य आहे, एवढंच."

"पण ती नाही, सर."

"दार लागत नाही हाच ना प्रश्न?" सर टेबलावर पुढे झुकले. "दार काढून टाकू. चांगला जाडसर पडदा लावू. तू आत असशील तेव्हा इंदूबाई बाहेर उभ्या राहतील. आणि सरकायचं म्हणशील तर त्या धरतील तुला."

मुलं नसली की सर मला अजूनही नावानं आणि एकेरीत हाक मारायचे. मला ते नेहमी आवडायचं. त्या दिवशी नाही आवडलं.

"तुमच्या संडासाला पडदा आहे का, सर?"

त्यांचा चेहरा उतरला. ते टेबलावरची काच पुसू लागले. मग हळू आवाजात म्हणाले, "कुमुद, तुझ्यासाठी मी काही कमी केलेलं नाही."

आणि ते खरं होतं. मी पडले तेव्हा संस्थेला मला घरी बसवायचं होतं. खुर्चीतली बाई फळ्याच्या वरच्या भागावर लिहिणार कशी, असं भाऊसाहेब सभेत म्हणाले होते. सरांनी माझे सगळे वर्ग तळमजल्यावर आणले, एका वर्गातला फळा सुताराकडून खाली करून घेतला, आणि तिला घेतलं नाही तर मीही जातो म्हणून सांगितलं. हे सगळं मला ठाऊक होतं. ते ठाऊक असल्यामुळेच मी त्या कार्यालयातून काही न बोलता बाहेर पडले. चहा तसाच राहिला.

रविवारी संध्याकाळी सर घरी आले. येताना चिकूची पिशवी घेऊन आले होते. माझ्याशी इकडचं तिकडचं बोलले आणि मग जयवंतकडे वळले. त्याला त्यांनी सगळं नीट समजावलं. सही झाली नाही तर पैसे परत जातील, संस्थेवर ठपका येईल, आणि पुढे कुठल्याच शाळेत कुणी असलं काम अंगावर घेणार नाही. एकदा उद्घाटन होऊ द्या, मग उन्हाळ्यात हळूहळू काय बदल करायचे ते बघू. जयवंत शांत माणूस आहे. त्याला कुणाला नाही म्हणायची सवय नाही. तो म्हणाला, "मला दुपारी यायला काही त्रास नाही, सर. इतकी वर्षं येतोय, अजून येईन."

सर समाधानानं उठले. त्यांना वाटलं, प्रश्न मिटला.

ते गेल्यावर मी जयवंतला विचारलं, की त्रास तुला आहे का असं कुणी विचारलं होतं? तो गोंधळला. म्हणाला, मी तर तुझ्यासाठीच बोललो. मी म्हणाले, सगळे माझ्यासाठीच बोलतात. भाऊसाहेब माझ्यासाठी, सर माझ्यासाठी, तू माझ्यासाठी. जूनमध्ये खडूचा चौकोन आखून मी बोलले होते, ते तेवढं कुणी ऐकलं नाही. मी बरंच बोलले. त्यातलं सगळं त्याच्या वाट्याचं नव्हतं, पण समोर तो होता. तो ऐकत राहिला, चिकू एकेक करून परातीत मांडत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "मग उद्या तू काय करणार?"

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी ओट्यापाशी बसून दोन कप चहा प्याले. मग तांब्याभर पाणी प्याले. जयवंत दाढी करत होता. आरशातून तो माझ्याकडे बघत होता. निघताना मी आणखी एक पेलाभर प्याले.

शाळेत व्हरांड्याला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. त्या दारालाही. निळ्या पाटीवर हळदकुंकू लागलं होतं, दाराच्या चौकटीला आडवी लाल फीत. पटांगणात मंडप आणि खुर्च्या. भाऊसाहेब फेटा बांधून आले होते. समाजकल्याणच्या अत्तारमॅडम माझ्या अंदाजापेक्षा तरुण निघाल्या. साध्या सुती साडीत होत्या आणि भाषणं चालू असताना वहीत काही तरी लिहून घेत होत्या. भाषणं लांबली. अपंगांची सेवा हीच ईश्वराची सेवा, असं भाऊसाहेब म्हणाले, आणि आपल्या संस्थेनं शेटेबाईंना कधीही परकं मानलं नाही, असंही म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी व्यासपीठाच्या खाली, पहिल्या रांगेच्या शेजारी बसले होते. वर जायला पायऱ्या होत्या. तोपर्यंत माझ्या ओटीपोटाला ताण बसायला लागला होता.

मग सगळे उठून व्हरांड्यात आले. फीत माझ्या हातून कापायची होती. कात्री तबकात ठेवून पुढे केली. मी फीत कापली, टाळ्या झाल्या. एका स्थानिक वर्तमानपत्राचा छायाचित्रकार म्हणाला, मॅडम, आत जाताना एक फोटो घेऊ. भाऊसाहेबही म्हणाले, हो, जा ना, तुमचंच आहे.

मी आत गेले. पेरं पुन्हा चौकटीला घासली. कमोडपाशी पोचले आणि थांबले. मागून फोटोचा प्रकाश दोनदा चमकून भिंतीवर पडला.

"दार लावा," मी म्हणाले.

कुणीतरी हसलं, गंमत समजून. लवट्यांनी दार ओढायचा प्रयत्न केला असावा, कारण ते माझ्या चाकावर येऊन थडकलं. मी मागे बघू शकत नव्हते. माझ्या समोर फक्त आकाशी फरशी आणि पाण्याच्या टाकीचं बटण होतं.

"दार लावा," मी पुन्हा म्हणाले. "मला लघवीला जायचं आहे."

भाऊसाहेबांचा आवाज आला, "बाई, कार्यक्रम चालू आहे. हे काय बोलणं?"

"संडासात आल्यावर दुसरं काय बोलू? सकाळपासून पाणी पिऊन आले आहे. मला आत्ता जायचंय. दार लावून घ्या, म्हणजे जाते."

दार पुन्हा चाकावर आपटलं. आणि पुन्हा. कुणीतरी त्याला जोर लावत होतं, जणू जोर लावला की चाक लहान होईल. मग पावलं जवळ आली आणि बाबर सरांचा आवाज माझ्या अगदी मागे आला. ते वाकून बोलत होते.

"कुमुद, बाहेर ये."

"कशी येऊ, सर? वळता येत नाही. तुम्हाला बाहेर काढायचं असेल तर ओढा मला."

त्यांनी ओढलं नाही. कुणीच हात लावला नाही. तेवढ्यात दोन हात खुर्चीच्या मुठींवर पडले आणि खुर्ची सरसर मागे आली. त्या इंदूबाई होत्या. त्यांनी मला गर्दीतून मोकळ्या जागेत नेलं आणि तोंड लोकांकडे केलं. सगळे दुसरीकडे बघत होते. छायाचित्रकार कॅमेऱ्याचा पट्टा नीट करत होता. फक्त अत्तारमॅडम माझ्याकडे सरळ बघत होत्या. त्यांनी विचारलं, "रोज तुम्ही कुठं जाता?"

"घरी."

"आणि आता?"

"आताही घरीच."

मग त्या दारापाशी गेल्या, वाकून आत बघितलं आणि लवट्यांना टेप मागितला. पुढे काय झालं ते मी बघितलं नाही. फाटकाशी जयवंत रिक्षा घेऊन उभा होता. अजून मधली सुट्टी व्हायची होती, मी त्याला बोलावलं नव्हतं. त्यानं मला उचलून आत बसवलं, खुर्ची घडी करून मागे बांधली आणि रिक्षावाल्याला नेहमीच्या रस्त्याऐवजी कालव्याकडून घ्यायला सांगितलं, तो रस्ता मोकळा असतो म्हणून.

मी घरापर्यंत पोचले नाही. कालव्याच्या पुलाअलीकडेच ते झालं. रिक्षाचं सीट ओलं झालं, माझी साडी, जयवंतची पँट. रिक्षावाल्यानं आरसा वर फिरवला. जयवंतनं त्याला उतरताना सीट धुऊन देतो म्हणून सांगितलं आणि खरंच अंगणात बादली आणून धुऊन दिलं. आयुष्यभर मला ज्या गोष्टीची धास्ती होती ती भर दिवसा, भर रस्त्यात झाली होती. मला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. मला नुसता राग आला होता. इतका स्वच्छ राग मला आधी कधी आला नव्हता.

अत्तारमॅडमनी त्या दिवशी माझी सही घेतली नाही आणि दुसरा हप्ता थांबला. आठवड्याभरात मला संस्थेची नोटीस आली, की जाहीर कार्यक्रमात असभ्य शब्द वापरून शाळेची बदनामी केली. मी उत्तर लिहिलं की असभ्य शब्द कोणता तो कळवावा. ते कळवलं गेलं नाही. स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबायचं. एका बाईंनी मला बाजूला घेऊन मायेनं सांगितलं, की एवढं केलं त्यांनी, थोडं सांभाळून घ्यायला हवं होतं. मुलांना घरून काही सांगितलेलं असावं, कारण काही दिवस वर्गात माझ्याकडे बघून मुली खाली माना घालत. आणि बाबर सर माझ्याशी कामापलीकडे एक शब्द बोलत नव्हते. वेळापत्रकाची चिठ्ठी इंदूबाईंच्या हाती पाठवायचे. मला ते फार लागलं. भाऊसाहेबांच्या नोटिशीनं जे झालं नाही ते त्या चिठ्ठ्यांनी झालं. तरीही मी त्यांच्या कार्यालयात गेले नाही. माफी कशाची मागायची ते मला सापडत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत इंदूबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, सरांनी बोलावलंय, खुर्ची घेऊन या. मी जयवंतबरोबर गेले. पाहुण्यांच्या खोलीचं सागवानी दार भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि मधली भिंत पाडलेली होती. विटांचा ढीग व्हरांड्यात पडला होता. पैसे परत करायची वेळ आली तेव्हा भाऊसाहेबांनी नाइलाजानं होकार दिला होता, हे नंतर कळलं. सोफा सरांच्या कार्यालयात आला होता, त्यामुळे तिथं आता कुणाला पाय ठेवायला जागा नव्हती. सर धुळीनं पांढरे झालेले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली. गवंडी विचारत होता, भिंत कुठं घ्यायची? सर म्हणाले, "बाईंना विचारा."

मी फोडलेल्या जागेत खुर्ची नेली आणि एकदा पूर्ण फिरले. एकीकडून, मग दुसरीकडून. कुठंही काही लागलं नाही. गवंड्यानं मी सांगितलं तिथं दोरी धरली आणि दार बाहेर उघडेल असं चौकटीला खूण केली. सर बघत होते. डिसेंबरात ते वापरात आलं. त्याचं उद्घाटन झालं नाही.

पुढच्या काही वर्षांत आमचं बोलणं हळूहळू पूर्वपदावर आलं, म्हणजे जवळजवळ. माझ्या वर्गात पाचवीला एक मुलगी आली, दोन्ही पायांना आधाराचे लोखंडी कॅलिपर लावलेली. तिनं ते शौचालय पहिल्या दिवसापासून वापरलं. तिला त्याचा इतिहास कुणी सांगितला नाही आणि तिनंही कधी विचारला नाही. मधल्या सुट्टीत ती मैत्रिणींशी भांडत, ओरडत तिकडे जायची, धाडकन दार लावायची आणि बाहेर येऊन भांडण जिथं सोडलं तिथून पुढे सुरू करायची. मला ते बघत बसायला आवडायचं.

बाबर सर निवृत्त झाले तेव्हा शाळेत मोठा निरोपसमारंभ झाला. त्याच पटांगणात, तसाच मंडप. भाऊसाहेब आता थकले होते, पण बोलायला उभे राहिले. सरांच्या शिस्तीबद्दल बोलले, निकालांबद्दल बोलले, आणि मग म्हणाले की सरांची माणुसकी बघायची असेल तर शेटेबाईंना विचारा. आपल्या एका अपंग भगिनीसाठी सरांनी शाळेत खास शौचालय उभं करून दिलं, असं औदार्य विरळा. मंडपभर टाळ्या झाल्या. मग निवेदकानं माझं नाव पुकारलं. शेटेबाई, दोन शब्द.

माईक माझ्या हातात खाली आणून दिला. सगळे माझ्याकडे बघत होते, ओठांवर हसू आणून. मी काय बोलणार हे त्यांना माहीत होतं. मलाही एक भाषण पाठ होतं, आदल्या दिवशी तयार केलेलं, त्यात सरांच्या शिकवण्याबद्दलच सगळं होतं.

मी म्हणाले, "सरांनी मला भूमिती शिकवली. मी पडले तेव्हा माझी नोकरी राखली. त्यासाठी मी त्यांचे आभार मानते आणि जन्मभर मानीन. संडासासाठी मानणार नाही. या मंडपात एवढे लोक आहेत. संडासाबद्दल तुमच्यापैकी कुणी कधी कुणाचे आभार मानलेत?"

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. निवेदक माझ्या हातातून माईक घेऊन गेला आणि शाल-श्रीफळ द्यायला माजी विद्यार्थ्यांना बोलावलं.

जेवणं सुरू झाली तेव्हा मी मंडपाच्या कडेला एका टेबलाशी होते. माझ्या शेजारी कुणी बसलं नव्हतं. सर खांद्यावरची शाल सावरत, हातात ताट घेऊन आले आणि समोरची खुर्ची ओढून बसले. त्यांनी एक घास घेतला, पाणी प्याले.

"तुझा राग अजून गेला नाही," ते म्हणाले.

"नाही, सर."

"राहू दे," ते म्हणाले, आणि माझ्या ताटात मीठ नव्हतं ते बघून वाढप्याला हाक मारायला लागले.